उसनवारी आणि चोरी : ग्रीक लेखकांची देवघेव

कित्येक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका कारखान्यात बोनसचा प्रश्न चिघळला होता आणि गेटवर वाटण्यासाठी आम्ही एक पत्रक लिहिले होते. वाटाघाटीच्या बैठकीत मालकपक्षाच्या एका अधिकाऱ्याने ते हातात घेतले, त्यातील एका वाक्याखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढली आणि हसत विचारले, "काय हो, हे वाक्य तुमचं आहे का? हे तर तुमच्या जुन्या पुढाऱ्याच्या भाषणातलं. दुसऱ्याचं उचलता, आणि इथं येऊन हक्काच्या गोष्टी करता?" आम्ही गप्प बसलो. आमचे शिक्षण रात्रशाळेतले. पुस्तकांशी जी काही ओळख झाली ती सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. अशा माणसाला 'चोरी' हा शब्द फार लागतो. पण त्याच संध्याकाळी गेटवर एक म्हातारा फिटर भेटला आणि म्हणाला, "भाऊ, ते वाक्य वाचलं अन् गेलेला माणूस पुन्हा गेटवर येऊन उभा राहिल्यासारखं वाटलं बघा."

वाक्य एकच. एकाला त्यात चोरी दिसली, दुसऱ्याला गेलेल्या माणसाची भेट घडली. या दोघांपैकी खरे कोणाचे?

या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता आम्ही प्राचीन ग्रीकांपाशी जाऊन पोहोचलो. आम्हांला ग्रीक भाषा येत नाही. जे वाचले ते इंग्रजी भाषांतरांतून, शब्दकोश मांडीवर ठेवून. तेव्हा भाषेच्या बारकाव्यांविषयी अधिकारवाणीने बोलणे आमच्याकडून होणार नाही. पण कोणी कोणाकडून काय घेतले, घेतल्याचे दाखविले की लपविले, आणि ऐकणाऱ्यांनी त्याचे काय केले, एवढे पाहावयास भाषांतरेही पुरतात. तेवढेच आज श्रोत्यांपुढे ठेवावयाचे आहे.

ग्रीक वाङ्मयाची सुरुवात होमरच्या नावाने होते. 'इलियड' आणि 'ओडिसी' ही दोन महाकाव्ये म्हणजे ग्रीकांची समाईक ठेव. अथेन्समध्ये दर चार वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या उत्सवात पाठक ती हजारो लोकांसमोर म्हणून दाखवीत. झेनोफनच्या एका ग्रंथात निकेरॅटस नावाचा गृहस्थ सांगतो की, आपण चांगला माणूस व्हावे म्हणून वडिलांनी आपल्याकडून सगळा होमर पाठ करवून घेतला. हे वडील म्हणजे सेनापती निकिअस. त्यांचे नाव या लेखात पुढे पुन्हा येणार आहे.

खुद्द होमरचे काव्यही एका माणसाच्या डोक्यातून निघालेले नव्हे. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९२८ साली पॅरिस येथे सादर केलेल्या प्रबंधात दाखवून दिले की, चपळ पायांचा अकिलीस किंवा गुलाबी बोटांची उषा अशी जी ठराविक विशेषणे होमरमध्ये पदोपदी येतात, ती पिढ्यान्‌पिढ्या गायकांनी वृत्ताच्या मापात घासून तयार ठेवलेली होती. पुढे १९३३ ते १९३५ या काळात पॅरी युगोस्लाव्हियात गेला आणि निरक्षर गायक हजारो ओळींची वीरगीते उभ्या उभ्या कशी रचतात, हे त्याने ध्वनिमुद्रित केले. सुताराने आपल्या बापाचा रंधा वापरला तर त्याला कोणी चोर म्हणत नाही. या गायकांचे शब्द तसे होते. हत्यारे साऱ्या व्यवसायाची. त्यातून जे घडेल ते मात्र त्या त्या कारागिराचे.

लिहिणे सुरू झाल्यावर काय झाले? याचे उत्तर एका मातीच्या प्याल्यावर सापडते. इटलीत नेपल्सजवळ इस्किया नावाचे बेट आहे. ग्रीकांची एक फार जुनी वसाहत तेथे होती. १९५४ साली तेथील एका थडग्यात हा प्याला मिळाला. तो इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या उत्तरार्धातला, म्हणजे आपल्याला ठाऊक असलेल्या ग्रीक लिखाणातील अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी एक आहे. त्यावर तीन ओळी कोरल्या आहेत. त्यांचा आशय असा की, नेस्टरचा प्याला पिण्यास उत्तम, आणि या प्याल्यातून जो पिईल त्याला तत्काळ प्रेमदेवतेची ओढ लागेल.

आता यात विनोद कोणता? 'इलियड'च्या अकराव्या सर्गात वृद्ध राजा नेस्टरच्या प्याल्याचे वर्णन आहे. तो सोन्याच्या खिळ्यांनी मढविलेला, भरला म्हणजे इतका जड की दुसऱ्याला मेजावरून हलविता येणे कठीण. म्हातारा नेस्टर मात्र तो सहज उचली. आणि येथे तर तळहातावर मावणारे मातीचे भांडे! ते कोरणाऱ्याला होमरचे काव्यच ठाऊक होते की नेस्टरची केवळ दंतकथा, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण एवढे निश्चित की, प्याला हातात घेणारा माणूस नेस्टरला ओळखतो असे त्याने गृहीत धरले होते. ओळखत नसेल तर त्या ओळींतली गंमत जमिनीवर सांडली. दुसऱ्या लिखाणाकडे केलेला इशारा हा असा दोघांचा व्यवहार असतो. एक लिहितो, दुसरा ओळखतो, आणि दोघे मिळून अर्थ पुरा करतात.

उसन्या वस्तूवर प्रत्येक जण आपली घडणावळ कशी चढवितो, हे पाहण्यासाठी झाडाच्या पानांचा दृष्टान्त घ्यावा. 'इलियड'च्या सहाव्या सर्गात ग्लॉकस आणि डायोमिडीस हे दोन योद्धे समोरासमोर येतात. तू कोण, कुठल्या कुळातला, असे विचारले असता ग्लॉकस म्हणतो की, माणसांच्या पिढ्या पानांसारख्या आहेत. वारा जुनी पाने खाली पाडतो आणि वसंतात वनाला नवी फुटतात, मग कूळ काय विचारतोस? पुढे मिम्नर्मस नावाच्या कवीने हीच पाने घेतली, पण त्याने फक्त वसंतातली कोवळी पाने ठेवली आणि पुन्हा फुटण्याची गोष्ट गाळून टाकली. त्याला सांगावयाचे होते ते एवढेच की तारुण्य क्षणाचे आहे, आणि मागे म्हातारपण व मरण उभे आहे. जे गाळले त्यातच त्याचे सांगणे होते.

नंतर सायमॉनिडीस आला. त्याने तर होमरची ती ओळ जशीच्या तशी घेतली आणि हे त्या खिऑस बेटावरच्या माणसाचे सर्वांत सुंदर वचन आहे, असे उघड सांगितले. होमर त्या बेटाचा, अशी समजूत होती. म्हणून नाव घेण्याचीही गरज पडली नाही. वर तो म्हणतो की, हे वचन कानांनी पुष्कळांनी ऐकले, पण मनात थोड्यांनीच साठविले. या कवितेचा कर्ता कोण याविषयी दीर्घकाळ वाद होता. इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस येथील कागदाचे तुकडे १९९२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ती सायमॉनिडीसचीच असे ठरले. आणि शेवटी इ. स. पू. ४१४ मध्ये ॲरिस्टोफेनीसने आपल्या 'पक्षी' या प्रहसनात तीच पाने पक्ष्यांच्या तोंडी दिली. वरून उडणारे पक्षी खाली पाहून म्हणतात की, अहो माणसांनो, तुम्ही पानांसारखे दुबळे, आणि पंखही नसलेले! होमरमधला वीर जे गांभीर्याने बोलला, तेच पक्ष्यांनी माणसांना हिणवण्यासाठी वापरले. चौघांची पाने तीच, पण एकाचेही काम दुसऱ्यासारखे नाही.

अथेन्सच्या नाट्यगृहात तर हा व्यवहार स्पर्धेपर्यंत गेला. एस्किलस हा आपल्या शोकांतिकांना होमरच्या मोठ्या पंगतीतले तुकडे म्हणत असे, अशी आख्यायिका आहे. त्याने इ. स. पू. ४५८ मध्ये अगामेम्नॉन राजाच्या घराण्याची कथा रंगभूमीवर आणली. राजाचा खून झालेला आहे, मुलगा ओरेस्टिस परदेशात वाढून गुपचूप परत आला आहे, आणि बहीण इलेक्ट्रा त्याची वाट पाहत आहे. बापाच्या थडग्यावर तिला केसांची एक बट दिसते. ती आपल्या केसांसारखी आहे. मग पावलांचे ठसे दिसतात. ते आपल्या पावलांशी जुळतात. शेवटी स्वतः विणलेले वस्त्र ती भावाच्या अंगावर पाहते आणि ओळख पटते.

चाळीसएक वर्षांनी युरिपिडीसने हीच कथा घेतली. त्याची इलेक्ट्रा एका गरीब शेतकऱ्याला दिलेली, डोक्यावरून पाणी वाहणारी, फाटक्या वस्त्रांतली बाई आहे. घरचा म्हातारा सेवक धावत येऊन सांगतो की, थडग्यावर केसांची बट आहे, तुझ्या केसांशी लावून पाहा. इलेक्ट्रा म्हणते, तालमीत वाढलेल्या पुरुषाचे केस आणि फणीने विंचरलेले बाईचे केस सारखे कसे असतील? तो म्हणतो, मग पाऊल ठशात ठेवून पाहा. ती विचारते, खडकावर ठसा उमटतो का, आणि उमटला तरी भावाबहिणीचे पाऊल एका मापाचे असते का? मग वस्त्र? तो गेला तेव्हा लहान मूल होता. अंगाबरोबर कपडेही वाढतात की काय?

नाट्यगृहातील ज्या प्रेक्षकाला एस्किलसचे नाटक आठवत होते, त्याला येथे हसू आवरले नसणार. परंतु युरिपिडीस एवढ्यावर थांबत नाही. ओळख अखेर पटते ती ओरेस्टिसच्या भुवईवरील एका जुन्या व्रणामुळे. हा व्रणही उसना आहे! 'ओडिसी'च्या एकोणिसाव्या सर्गात वीस वर्षांनी घरी परतलेल्या ओडिसियसचे पाय धुताना म्हातारी दाई त्याच्या मांडीवरचा व्रण ओळखते. तो व्रण रानडुकराच्या शिकारीत झालेला होता. ओरेस्टिसचा मात्र लहानपणी घराच्या आवारात हरणाच्या पाडसामागे धावताना पडल्याचा. एस्किलसची खूण मोडून काढली आणि तिच्या जागी होमरची खूण छोटी करून बसविली. ज्या वीराची आपण वाट पाहत होतो तो असा आहे, हे त्या व्रणाने न बोलता सांगितले.

आम्हा युनियनवाल्यांना त्याहून जवळचे वाटते ते ॲरिस्टोफेनीसचे 'अकार्निअन्स'. इ. स. पू. ४२५ मधले हे प्रहसन. अकार्नी हे अथेन्सजवळचे गाव, आणि तेथल्या लोकांचा धंदा लाकडी कोळसा पाडण्याचा. युद्धाला कंटाळलेला नायक शत्रूशी स्वतःपुरता तह करतो, म्हणून हे म्हातारे कोळसेवाले त्याला दगडांनी मारायला येतात. आता, तेरा वर्षांपूर्वी युरिपिडीसच्या 'टेलिफस' नाटकात भिकाऱ्याच्या वेषात आलेल्या राजाने तान्ह्या राजपुत्राला ओलीस धरले होते. आमचा नायक काय ओलीस धरतो? कोळशाची टोपली! आणि कोळसेवाले आपले लेकरू कापले जात असल्यासारखे विनवण्या करू लागतात. मग तो थेट युरिपिडीसच्या दारात जातो आणि टेलिफसची लक्तरे, टोपी, काठी असे एकेक मागून घेतो. शेवटी युरिपिडीस कळवळतो की, तू तर माझी नाटकेच घेऊन चाललास. उसनवारीचे याहून उघड चित्र रंगभूमीवर दुसरे नसेल. मूळ 'टेलिफस' आज नष्ट झाले आहे. त्याची जी जुळवाजुळव अभ्यासकांनी केली, ती पुष्कळशी या थट्टेच्याच आधाराने.

प्रेक्षकांना हे सारे कळत होते काय? याच नाटककाराच्या इ. स. पू. ४०५ मधील 'बेडूक' या प्रहसनात पाताळात एस्किलस आणि युरिपिडीस यांची स्पर्धा लागते. तेथे वृंद त्यांना धीर देतो की, बारकाव्यात शिरायला भिऊ नका. प्रेक्षक पूर्वीसारखे अडाणी राहिले नाहीत, प्रत्येकाकडे पुस्तक आहे. यात अतिशयोक्ती असेल, खुशामतही असेल. तरी त्या बाकांवर कुंभार, चांभार, शेतकरी, नाविक बसत, आणि त्यांना सारे समजेल या भरवशावर ही नाटके लिहिली जात, ही गोष्ट लहान नाही.

याचा अर्थ ग्रीकांत चोरीची ओरड नव्हती असे मात्र नव्हे. आपले 'नाइट्स' हे प्रहसन युपोलिस या प्रतिस्पर्ध्याने जुना अंगरखा उलटा करावा तसे उलटे करून आपल्या नावावर खपविले, असा आरोप ॲरिस्टोफेनीसने केला. त्यावर युपोलिसचे उत्तर असे की, ते लिहावयास आपणच त्या टकल्याला मदत केली होती आणि ती त्याला दान दिली.

गद्यलेखकांची रीत आणखी निराळी होती. इतिहासकार हिरोडोटस आपल्या पूर्वीच्या हेकाटिअसचे नाव घेतो. कोठे? तर हेकाटिअसने इजिप्तच्या पुरोहितांसमोर, सोळाव्या पिढीला आपला पूर्वज देव होता अशी बढाई मारली आणि फजिती करून घेतली, ती गोष्ट सांगताना. परंतु फिनिक्स पक्षी, पाणघोडा आणि मगरीची शिकार यांची वर्णने हिरोडोटसने त्याच हेकाटिअसच्या ग्रंथातून उचलली, असे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात पॉर्फिरी याने नोंदविले आहे. आणि तेथे हिरोडोटस त्याचे नाव घेत नाही. चूक दाखविताना नाव, घेताना मौन. पुढे थ्युसिडिडीसने स्पार्टाविषयीच्या दोन समजुती खोडल्या. त्या दोन्ही हिरोडोटसच्या ग्रंथात आहेत. पण तोही नाव घेत नाही. आज हिरोडोटसचा ग्रंथ अखंड आहे. हेकाटिअसचे फक्त तुकडे उरले आहेत.

येथे आम्ही थबकलो. कारण उसनवारी आणि चोरी यांतला फरक आम्हांला येथेच दिसू लागला. तो पुरता स्पष्ट झाला एका गोष्टीने. व्हिट्रुव्हिअस हा रोमन वास्तुकार ती सांगतो. अलेक्झांड्रिया येथे राजा टॉलेमीने कवींची स्पर्धा भरविली होती. सात परीक्षक होते. सहा जणांनी जनसमुदायाला आवडलेल्या कवींना कौल दिला. सातवा परीक्षक, बायझँटिअमचा ॲरिस्टोफेनीस — हा नाटककार नव्हे, त्याच नावाचा पंडित — याने ज्याला सर्वांत कमी टाळ्या पडल्या होत्या त्याला पहिला नंबर दिला. लोक खवळले. तेव्हा तो म्हणाला की, हा एकटाच कवी आहे, बाकीच्यांनी दुसऱ्यांच्या कविता म्हटल्या आहेत. नुसते म्हणून तो थांबला नाही. ग्रंथालयाच्या कोणत्या फडताळात काय आहे हे त्याला पाठ होते, त्याने गुंडाळ्या काढून आणल्या आणि ओळी ताडून दाखविल्या. त्या कवींना चोर म्हणून शिक्षा झाली.

आता पाहा. सायमॉनिडीसने होमरची अख्खी ओळ घेतली, तो चोर ठरला नाही. या कवींनीही ओळी घेतल्या, आणि ते ठरले. फरक कशात? होमर सर्वांना ठाऊक होता. त्याची ओळ उच्चारली की हजार कान ती ओळखत, मूळ धन्याचा मान वाढे, आणि नव्या कवीच्या घडणावळीची पारखही होई. स्पर्धेतल्या कवींनी मात्र धूळ खात पडलेल्या, लोकांना माहीत नसलेल्या गुंडाळ्यांतून घेतले, कोणी ओळखू नये या भरवशावर. पुढे रोममध्ये ओव्हिड कवीविषयी असे म्हटले गेले की, व्हर्जिलच्या ओळी तो लपविण्यासाठी घेत नसे, ओळखल्या जाव्यात म्हणूनच उघड उसन्या घेई. कसोटी हीच. थोराकडून उघड घेता येते, कारण त्याचे नाव श्रोतेच घेतात. ज्याला कोणी ओळखत नाही त्याच्याकडून घेतले, तर त्याचे नाव आपणच घेतले पाहिजे. नाही घेतले, तर तो माणूस कायमचा पुसला जातो.

ही कसोटी आम्ही स्वतःला लावून पाहिली. त्या पत्रकातल्या वाक्याबाबत आम्ही निर्दोष होतो. म्हाताऱ्या फिटरने ते सिद्ध केले होते. पण दुसरी एक गोष्ट आठवली. एका अधिवेशनात आम्ही कंत्राटी कामगारांवर भाषण केले आणि त्याची फार वाहवा झाली. त्यातला उत्तम भाग एका तरुण कार्यकर्त्याच्या टिपणातून घेतलेला होता. तो पोरगा मागच्या रांगेत बसला होता. आम्ही त्याचे नाव घेतले नाही. त्या दिवशी कोणी तांबडी पेन्सिल काढली नाही, कारण त्याचे लिखाण कोणाला ठाऊकच नव्हते.

परंतु उघड उसने घेतलेले शब्द माणसाला किती बळ देतात, हे सांगितल्याशिवाय हा विषय संपत नाही. इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटीस तुरुंगात मरणाची वाट पाहत होता. क्रायटो हा मित्र पहाटे येऊन त्याला पळून जाण्याची विनवणी करू लागला. प्लेटो लिहितो की, सॉक्रेटीसने त्याला आपले स्वप्न सांगितले. शुभ्र वस्त्रातली एक स्त्री येऊन म्हणाली होती की, तिसऱ्या दिवशी तू सुपीक फ्थायाला पोहोचशील. फ्थाया हा अकिलीसचा गाव. 'इलियड'च्या नवव्या सर्गात रागावलेला अकिलीस म्हणतो की, हे युद्ध सोडून मी निघालो तर तिसऱ्या दिवशी घरी पोहोचेन. अकिलीस गेला नाही, राहिला आणि मेला. सॉक्रेटीसही गेला नाही. मरण म्हणजे घरी जाणे, हे त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितले नाही; होमर पाठ असलेल्या मित्राला एका गावाचे नाव पुरे होते.

आणि निकिअसचे नाव आता येते. इ. स. पू. ४१३ मध्ये त्याच्या हाताखालचे अथेन्सचे सैन्य सिसिलीत पुरते बुडाले. निकिअस मारला गेला आणि निदान ७,००० कैदी सिराक्यूजच्या दगडखाणींत कोंडले गेले. अंगावर ऊन, रात्री थंडी, पाणी आणि धान्य मापून. प्लूटार्क सांगतो की, सिसिलीच्या लोकांना युरिपिडीसच्या काव्याचे वेड होते. ज्यांना त्याच्या ओळी पाठ होत्या आणि ज्यांनी त्या शिकविल्या त्यांतले कित्येक सुटले, आणि घरी परतल्यावर त्यांनी त्या कवीचे आभार मानले. त्यानंतर नऊ वर्षांनी, इ. स. पू. ४०४ मध्ये, अथेन्स शरण आले. शहर जमीनदोस्त करून तेथे मेंढरांचे कुरण करावे, अशी सूचना विजेत्यांच्या बैठकीत आली. मग मेजवानीच्या वेळी फोकिसच्या एका माणसाने युरिपिडीसच्या 'इलेक्ट्रा'तील पहिले वृंदगीत म्हटले, आणि अशी माणसे जन्माला घालणारे शहर नष्ट करणे साऱ्यांना अघोर वाटले. प्लूटार्कने हे पाचशे वर्षांनी लिहिले आहे, तेव्हा त्यातला प्रत्येक तपशील शब्दशः धरून चालणार नाही. पण ज्या समाजाने अशा गोष्टी जपून ठेवल्या, त्याला पाठांतराचे मोल काय वाटत होते ते कळते. लक्तरांतली राजकन्या इलेक्ट्रा आणि हरलेले अथेन्स यांची सांगड गाणाऱ्याने घातली नसेल. आम्हांला वाटते, ती ऐकणाऱ्यांनीच घातली.

असो. आमच्या युनियनच्या पत्रकांत जुन्या पुढाऱ्यांची वाक्ये आजही येतात, आणि त्याबद्दल आम्ही आता कोणासमोर मान खाली घालीत नाही. ज्या टिपणाची गोष्ट वर सांगितली, ते पुढे पुस्तिकेच्या रूपाने निघाले, आणि त्यावर त्या मुलाचे नाव छापले. उशीर झाला होता, हे कबूल आहे. पुस्तिका हातात घेऊन त्याने स्वतःच्या नावावरून एकदा अंगठा फिरविला आणि तो गठ्ठे बांधायला गेला.